विश्लेषण : शेणखत की युरिया? जालन्याच्या काळ्या रानाला दोन्ही का लागतात?

जालना-अंबड किंवा जालना-मंठा रस्त्याने सध्या संध्याकाळी जाताना बांधाबांधावर धूर दिसतो. कापसाची शेवटची वेचणी उरकली की पऱ्हाट्या उपटल्या जातात, बांधावर ढीग लागतो आणि काडी ओढली जाते. तोच शेतकरी दुसऱ्या दिवशी कृषी सेवा केंद्रासमोर गव्हासाठी युरियाची गोणी घ्यायला उभा असतो. म्हणजे रानातले एक खत जाळायचे आणि दुसरे विकत आणायचे.

यंदा या दृश्याला आणखी एक संदर्भ आहे. सप्टेंबर २०२५ मधल्या अतिवृष्टीने आणि गोदावरीच्या पुराने मराठवाड्यात अनेक ठिकाणी पीक तर नेलेच, पण पिकाखालची मातीही खरडून नेली. अंबड, घनसावंगी, परतूर या नदीकाठच्या तालुक्यांतल्या शेतकऱ्यांपुढे आता प्रश्न आहे तो उरलेल्या जमिनीत पुन्हा जीव आणायचा कसा, हा. समाजमाध्यमांवर त्याची दोन टोकांची उत्तरे फिरत आहेत. ‘रासायनिक खत म्हणजे विष, बंद करा’ हे एक आणि ‘शेणखताने कुठे पोट भरते का’ हे दुसरे. दोन्ही बाजूंचे व्हिडीओ जोरात चालतात. जमीन मात्र या दोन्ही उत्तरांच्या मध्ये कुठेतरी आहे.

जालन्याच्या जमिनीची नेमकी अडचण काय?

दख्खनच्या बेसाल्ट खडकापासून तयार झालेली ही काळी, चिकण जमीन. ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते. बऱ्याच ठिकाणी चुनखडीचे प्रमाण जास्त आणि सामू आठच्या आसपास, म्हणजे जमीन अल्कलीकडे झुकलेली. मराठवाड्याच्या माती परीक्षणांत दिसणारे सर्वसाधारण चित्र असे : नत्र कमी, स्फुरद कमी ते मध्यम, पालाश भरपूर, गंधक, जस्त आणि लोह यांची उणीव. या सगळ्यांच्या मुळाशी असलेला सेंद्रिय कर्ब बहुतेक ठिकाणी कमी ते मध्यम.

सेंद्रिय कर्ब हा शब्द मृद आरोग्य पत्रिकेवर असतो, पण त्याकडे फारसे कोणी पाहत नाही. फेब्रुवारी २०१५ मध्ये सुरू झालेल्या या योजनेच्या पत्रिकेत बारा घटक छापलेले असतात. शेतकऱ्याची नजर नत्र-स्फुरद-पालाशवर जाते आणि पत्रिका कपाटात. वास्तविक आधी पाहायचा आकडा कर्बाचा आहे. तो ०.५ टक्क्यांच्या खाली असेल तर जमीन ‘कमी’ गटात, ०.७५ च्या वर असेल तर ‘जास्त’ गटात मोडते. मधले पाव टक्क्याचे अंतर दिसायला किरकोळ वाटते. ते किती मोठे आहे, ते पुढे हिशोबात दिसेल.

गोणीतले खत पिकापर्यंत किती पोहोचते?

सगळे पोहोचत नाही. युरियातले नत्र साधारण ३० ते ५० टक्केच पिकाच्या वाट्याला येते. स्फुरदाचे पहिल्या हंगामातले प्रमाण १५ ते २० टक्क्यांच्या आसपास धरले जाते. बाकीचे जाते कुठे?

युरिया ओल्या जमिनीवर पसरला की काही दिवसांत त्याचे अमोनियममध्ये रूपांतर होते. सामू जास्त असलेल्या जमिनीत, त्यातही युरिया वरवर फेकलेला असेल तर, त्यातला बराचसा भाग अमोनिया वायू होऊन हवेत जातो. जोराचा पाऊस झाला तर नायट्रेटच्या रूपातले नत्र पाण्याबरोबर निघून जाते, रानात पाणी तुंबले तर पुन्हा वायू होऊन उडते. स्फुरदाचे दुखणे वेगळे. चुनखडीच्या जमिनीत ते कॅल्शियमबरोबर बांधले जाते. जमिनीत असते, पण मुळाला मिळत नाही. बँकेत पैसे असून एटीएम बंद असावे, तसे.

इथे शेणखताचा संबंध येतो. कुजलेले सेंद्रिय द्रव्य अमोनियमला धरून ठेवते. ते कुजताना जी सेंद्रिय आम्ले तयार होतात, ती बांधलेला स्फुरद काही प्रमाणात मोकळा करतात. जस्त आणि लोह यांना ती आपल्यात गुंफून मुळांपर्यंत विद्राव्य ठेवतात. शिवाय मातीचे कण एकत्र बांधले जाऊन रवाळ पोत तयार होतो, त्यामुळे पाऊस मुरतो आणि ओल जास्त दिवस टिकते. सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि त्यातही दोन पावसांत तीन-तीन आठवड्यांचा खंड, अशा जिल्ह्यात या ओलीची किंमत वेगळी सांगायला नको. २०१२-१३ च्या दुष्काळात जालन्यातल्या मोसंबीच्या बागा मोठ्या प्रमाणावर वाळल्या, तेव्हा ती किंमत जिल्ह्याने मोजलेली आहे.

थोडक्यात, शेणखत हे गोणीला पर्याय म्हणून जेवढे कामाचे, त्याहून जास्त कामाचे आहे ते गोणीतले खत वाया जाऊ न देण्यासाठी. ‘शेणखत की युरिया’ हा प्रश्नच त्यामुळे चुकीचा ठरतो.

मग नुसत्या शेणखतावर का भागत नाही?

साधे त्रैराशिक मांडू. चांगल्या कुजलेल्या शेणखतात सरासरी अर्धा टक्का नत्र, ०.२ टक्के स्फुरद आणि अर्धा टक्का पालाश असतो. म्हणजे एका टनात ५ किलो नत्र. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत ४६ टक्के दराने जवळपास २१ किलो नत्र. कागदावर एक गोणी म्हणजे चार टन शेणखत. पण शेणखतातले नत्र पहिल्या वर्षी साधारण पाव ते एक तृतीयांशच उपलब्ध होते, बाकीचे पुढच्या वर्षांत हळूहळू सुटते. त्यामुळे एका हंगामात एका गोणीची बरोबरी करायची, तर बारा ते सोळा टन शेणखत लागेल. ट्रॉलीत दोन-अडीच टन बसते असे धरले तरी पाच ते सात ट्रॉली. एका गोणीसाठी!

कोरडवाहू बीटी कापसाला हेक्टरी १२० किलो नत्राची शिफारस असते. एकरी ४८ किलो, म्हणजे दोन गोण्यांहून थोडे जास्त. एवढे सगळे शेणखतातून द्यायचे तर एकरी तीस टनांच्या घरात जावे लागेल. एवढे खत एका गावात मिळत नाही, मिळाले तर परवडत नाही.

वेळेचाही प्रश्न आहे. कापूस पाते-फुलांवर आला की त्याला नत्राची भूक लागते. जमिनीतले जिवाणू शेणखतातले नत्र त्यांच्या गतीने सोडतात आणि ती गती ओल आणि तापमान ठरवते. पावसाचा खंड पडला की ही शिधावाटप बंद. रासायनिक खत हप्त्याहप्त्याने, गरज असेल तेव्हा देता येते. हा त्याचा गुण नाकारण्यात अर्थ नाही.

दीर्घकालीन प्रयोग काय सांगतात?

खताच्या बाबतीत एका हंगामाचा प्रयोग फसवा असतो. पहिल्या वर्षी युरिया जिंकतो, कारण जमीन आपल्या जुन्या ठेवीतून बाकीचे अन्नद्रव्य पुरवत असते. खरे चित्र दहा-वीस वर्षांनी दिसते. म्हणूनच भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने १९७० मध्ये देशातल्या ११ ठिकाणी दीर्घकालीन खत प्रयोगांचा अखिल भारतीय प्रकल्प सुरू केला. पुढे त्यात केंद्रे वाढली. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात १९८८ पासून ज्वारी-गहू पीकपद्धतीवर, तर परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात २००६ पासून सोयाबीन-करडईवर हा प्रयोग चालू आहे. दोन्ही ठिकाणी जमीन काळी, जालन्याच्या जमिनीची सख्खी बहीण म्हणावी अशी.

प्रयोगाची रचना सोपी आहे. एका तुकड्याला काहीच द्यायचे नाही, दुसऱ्याला फक्त नत्र, तिसऱ्याला नत्र-स्फुरद, मग शिफारशीइतके तिन्ही, त्याच्या दीडपट, फक्त शेणखत, आणि एका तुकड्याला शिफारशीइतके रासायनिक खत अधिक शेणखत. वर्षानुवर्षे तेच तुकडे, तीच मात्रा.

निष्कर्षांचा कल बहुतेक केंद्रांवर सारखा आहे. फक्त नत्र दिलेला तुकडा हळूहळू मागे पडतो, कारण पीक जमिनीतला स्फुरद, पालाश, गंधक उपसत राहते. शिफारशीइतके तिन्ही दिले तर उत्पादन टिकते. शेणखताची जोड दिली तर उत्पादन सर्वांत वर आणि वर्षावर्षांतला चढउतार कमी. सेंद्रिय कर्बही याच तुकड्यात सर्वाधिक वाढलेला. एक गोष्ट मात्र अनेकांना अनपेक्षित वाटेल. संतुलित रासायनिक खत दिलेल्या तुकड्यात सेंद्रिय कर्ब काहीच न दिलेल्या तुकड्यापेक्षा चांगला राहतो. कारण पीक जोमदार आले की मुळे, पालापाचोळाही जास्त पडतो. ‘रासायनिक खताने जमीन मरते’ हे वाक्य म्हणून अर्धवट आहे. जमीन मरते ती एकाच खताच्या भडिमाराने आणि रानातले काहीच रानात परत न गेल्याने.

इंग्लंडमध्ये रोथमस्टेड इथे १८४३ पासून गव्हाचा असाच प्रयोग सुरू आहे. तिथे शेणखताच्या तुकड्यातला सेंद्रिय कर्ब रासायनिक खताच्या तुकड्याच्या दुपटीहून अधिक झाला. मात्र तिथे दरवर्षी हेक्टरी ३५ टन शेणखत घातले जाते आणि हवामान थंड आहे. मराठवाड्यात एप्रिल-मेच्या उन्हात सेंद्रिय द्रव्य झपाट्याने जळते. तिथला आकडा इथे लावून चालत नाही.

आणि हा आपल्याकडचा हिशोब. एका एकरातल्या वरच्या अर्ध्या फुटाच्या थराचे वजन ढोबळमानाने नऊ लाख किलो. सेंद्रिय कर्ब ०.१ टक्क्याने वाढवायचा म्हणजे ९०० किलो कर्ब जमिनीत टिकवायचा. एकरी दोन टन शेणखतातून, ओल वजा केल्यावर, साधारण ३०० किलो कर्ब जातो. त्यातला बहुतेक भाग जिवाणूंच्या श्वासातून कार्बन डायऑक्साइड होऊन उडतो. पंधरा टक्के टिकला असे धरले, तर वर्षाला ४५ किलो. म्हणजे ०.१ टक्क्यासाठी वीस वर्षे. पाच टन घातले तर आठ वर्षे. मुळे आणि पालापाचोळ्याची भर यात धरलेली नाही, तिने हा काळ कमी होतो. पण ‘एका हंगामात कर्ब दुप्पट’ असे छापलेली बाटली कोणी दाखवली, तर हा हिशोब आठवावा.

श्रीलंकेत काय झाले होते?

या वादात श्रीलंकेचे नाव हमखास येते. २०२१ च्या एप्रिल-मेमध्ये तिथल्या सरकारने रासायनिक खतांच्या आयातीवर एकाएकी बंदी घातली आणि देश शंभर टक्के सेंद्रिय करण्याची घोषणा केली. भाताचे उत्पादन घसरले, तांदूळ आयात करावा लागला, चहालाही फटका बसला. नोव्हेंबरमध्ये बंदी मागे घ्यावी लागली. त्यामागे परकीय चलन वाचवण्याचा दबावही होता, त्यामुळे सगळा दोष सेंद्रिय शेतीवर ढकलणे बरोबर नाही. पण पर्यायी खताची सोय न करता गोणी काढून घेतली की काय होते, हे त्यातून दिसले.

जीवामृताने काम भागेल का?

अमरावती जिल्ह्यातले सुभाष पाळेकर यांनी मांडलेली नैसर्गिक शेती मराठवाड्यातही अनेक शेतकरी करतात. पाळेकरांना २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली. केंद्राने नोव्हेंबर २०२४ मध्ये २,४८१ कोटी रुपयांचे राष्ट्रीय नैसर्गिक शेती अभियान मंजूर केले, साडेसात लाख हेक्टरचे उद्दिष्ट ठेवून. त्यामुळे हा प्रश्न आता छंदाचा राहिलेला नाही.

२०० लिटर जीवामृतात १० किलो शेण असते. त्यातले नत्र मोजले तर मूठभरही भरणार नाही. पाळेकरांचे म्हणणे असे की, ते खत नव्हेच, ते जिवाणूंचे विरजण आहे. अन्नद्रव्ये जमिनीत आहेतच, जिवाणू ती मोकळी करतील. यात तथ्य आहे, पण ते काही मर्यादेपर्यंतच. नत्र हवेतून येऊ शकते. सोयाबीन, तूर, हरभऱ्याच्या मुळांवरच्या गाठी तेच काम करतात. स्फुरद हवेतून येत नाही. पीक रानाबाहेर गेले की त्यातला स्फुरदही गेला आणि तो परत आणल्याशिवाय ठेव कमीच होत जाणार. विरजण कितीही चांगले असले तरी दूध लागतेच. आच्छादन, मिश्रपिके, कमी नांगरट या नैसर्गिक शेतीतल्या गोष्टी मात्र कोणत्याही शेतकऱ्याने उचलाव्यात अशा आहेत. त्या जीवामृतापेक्षा कमी चर्चिल्या जातात, हे जरा विचित्र आहे.

खिशाचा हिशोब काय?

सोयाबीनचे उदाहरण घेऊ. शिफारस हेक्टरी ३०:६०:३० किलो नत्र-स्फुरद-पालाश आणि सोबत गंधक. एकरी १२:२४:१२. नेहमीचा मार्ग म्हणजे डीएपीची एक गोणी. ५० किलोच्या या गोणीतून ९ किलो नत्र आणि २३ किलो स्फुरद मिळतो. गंधक शून्य. दुसरा मार्ग, सिंगल सुपर फॉस्फेटच्या तीन गोण्या आणि २६ किलो युरिया. यातून २४ किलो स्फुरद, १२ किलो नत्र आणि वर जवळपास १६ किलो गंधक. तेलबियांना गंधक लागतो आणि आपल्या जमिनीत त्याचीच उणीव आहे. तीन गोण्या वाहून नेण्याचा त्रास आणि थोडा जास्त खर्च होतो खरा, पण डीएपीच्या टंचाईत दुकानदारापुढे हात जोडण्यापेक्षा हा मार्ग बरा.

याला एकरी दोन टन शेणखताची जोड दिली तर काय वाचते? त्यात १० किलो पालाश असतो आणि तो बहुतांश पहिल्याच वर्षी मिळतो. म्हणजे पालाशची मात्रा जवळजवळ पूर्ण भागते. नत्र अडीच-तीन किलो मिळते. स्फुरद मात्र एखादा किलो. ‘शेणखत घातले, आता निम्मी गोणी पुरे’ असे सरसकट म्हणणे त्यामुळे चुकीचे आहे. पालाशवर कात्री चालते, स्फुरदावर पहिल्या वर्षी चालत नाही. शेणखत आणि जिवाणू संवर्धकांची जोड देऊन शिफारशीच्या ७५ टक्के रासायनिक खतात पूर्ण मात्रेइतके उत्पादन मिळाल्याचे अनेक प्रयोगांत दिसले आहे. पण तिथे माती तपासलेली असते.

आता समतोल बिघडतो कुठे ते पाहा. युरियाची गोणी २६६ रुपये ५० पैशांना. किलोभर नत्र पडते सुमारे १३ रुपयांना. डीएपी १,३५० रुपयांना. त्यातल्या नत्राचे पैसे वजा केले तर किलोभर स्फुरद ५३-५४ रुपयांना पडतो. एप्रिल २०१० मध्ये केंद्राने अन्नद्रव्याधारित अनुदान योजना आणली, तेव्हा स्फुरद-पालाशयुक्त खतांचे दर बऱ्याच अंशी कंपन्यांवर सोडले आणि युरिया मात्र नियंत्रणातच ठेवला. दोन्हींतली दरी तेव्हापासून रुंदावली. शेतकरी स्वस्त ते जास्त टाकतो. पीक हिरवेगार दिसते, समाधान होते, आणि लुसलुशीत पानांवर मावा-तुडतुडे येतात. मग फवारणीचा खर्च. हा शेतकऱ्याच्या अज्ञानाचा मुद्दा नाही. दरपत्रकच त्याला युरियाकडे ढकलते.

शेणखत आणायचे कुठून?

सगळ्या चर्चेत टाळला जाणारा प्रश्न हाच आहे. कृषी विभाग, विद्यापीठ, खरपुडीचे कृषी विज्ञान केंद्र, सगळेच ‘पेरणीपूर्वी कुजलेले शेणखत मिसळा’ म्हणतात. शिफारस बरोबर आहे. पण दारात जनावर कुठे आहे?

एक जनावर दिवसाला दहा-बारा किलो शेण देते. वर्षाला साडेतीन-चार टन, कुजून त्याचे निम्मे. म्हणजे एका जनावरामागे साधारण दोन टन खत. एका एकराला एक जनावर, असा सोपा हिशोब. ट्रॅक्टर आला, बैलजोडी गेली. सालगडी मिळेना, तशा गायी-म्हशीही कमी झाल्या. चारा महाग झाला. पाच एकरवाल्याच्या दारात आज एखादी म्हैस असते, काहींच्या तीही नाही. मोसंबी-द्राक्षाचा बागायतदार बाहेरून शेणखत विकत घेऊ शकतो, कारण त्याच्या पिकात तेवढा पैसा आहे. त्यामुळे कोरडवाहू रानातले शेण बागेत जाते आणि कापूस-सोयाबीनच्या रानाला काहीच उरत नाही. गावातल्या गावात सेंद्रिय कर्बाचे हे स्थलांतर चालू असते. त्याची नोंद कुठेच होत नाही.

जे शेणखत आहे, त्याचेही हाल होतात. उकिरडा उघड्यावर, उन्हात. वरून नत्र उडते, पावसाळ्यात खालून झिरपते. मे महिन्यात ट्रॉलीत भरले जाते ते बरेचदा अर्धे कच्चे असते. कच्च्या शेणखतातून रानात तणाचे बी आणि हुमणीच्या अळ्या जातात. शिवाय ते कुजवताना जिवाणू जमिनीतलेच नत्र वापरून टाकतात आणि पीक पिवळे पडते. मग ‘शेणखताने नुकसान झाले’ असा बोभाटा. छाया, खड्डा आणि अधूनमधून पाणी, एवढ्याने हे बरेच टळते. शेण कमी असणाऱ्यांसाठी पुसदच्या नारायण देवताओ पांढरीपांडे यांनी शोधलेली पद्धत आजही कामाची आहे. त्यांच्याच नावाच्या आद्याक्षरांवरून तिला नाडेप म्हणतात. दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच अशा जाळीदार विटांच्या टाकीत काडीकचरा, माती आणि थोडे शेण थराथराने भरायचे. तीन-चार महिन्यांत खत तयार होते आणि शेण लागते ते फक्त शंभर किलोंच्या आसपास.

हिरवळीची पिके हा दुसरा स्रोत. ताग, धैंचा फुलोऱ्यावर गाडायचा. कोरडवाहूत अडचण अशी की, त्यासाठी खरिपाचे दिवस आणि ओल खर्च होते, ती कोणी द्यायला तयार नसतो. बांधावर गिरिपुष्पाची रांग लावून पाला रानात टाकणे त्यापेक्षा सोपे. तूर स्वतःच पाला गाळते. बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्राने तुरीचे बीडीएन मालिकेतले वाण दिले आहेत. कपाशीत किंवा सोयाबीनमध्ये तुरीचे आंतरपीक घेणारा शेतकरी नकळत थोडे खतही पेरत असतो.

सरकार काय करते आहे?

खत अनुदानाचा खर्च २०२२-२३ मध्ये अडीच लाख कोटी रुपयांच्या घरात गेला होता. त्यानंतर जून २०२३ मध्ये केंद्राने पीएम-प्रणाम योजना मंजूर केली. रासायनिक खताचा वापर कमी करणाऱ्या राज्याला वाचलेल्या अनुदानाच्या ५० टक्के रक्कम मिळणार, असे तिचे सूत्र. त्याच वेळी गोबरधन प्रकल्पांतून निघणाऱ्या सेंद्रिय खताला टनामागे १,५०० रुपये विपणन साहाय्य जाहीर झाले. दिशा योग्य आहे. पण हे साहाय्य प्रकल्पातल्या खताला आहे. स्वतःच्या उकिरड्यावर मेहनत घेणाऱ्याला किंवा पऱ्हाटी न जाळणाऱ्याला टनामागे काही नाही. युरियाच्या गोणीवर अनुदान आहे, नाडेपच्या टाकीतल्या टनावर नाही. तुलनेत हरणार कोण, ते उघड आहे.

पुराने खरडलेल्या जमिनीचे काय?

ऑक्टोबर २०२५ मध्ये राज्य सरकारने ३१,६२८ कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. त्यात खरडून गेलेल्या जमिनीसाठी हेक्टरी ४७ हजार रुपये रोख आणि रोजगार हमीतून हेक्टरी तीन लाखांपर्यंतच्या कामांची तरतूद सांगण्यात आली. या पैशातून माती टाकता येते. पण नुसती माती म्हणजे रान नव्हे. एका एकरातला एक सेंटिमीटर थर गेला तरी पन्नास टनांच्या आसपास माती जाते आणि तिच्याबरोबर अडीचशे किलो सेंद्रिय कर्ब. धरणातला गाळ आणून टाकला तर चिकणमाती आणि काही अन्नद्रव्ये परत येतात, ओल धरण्याची ताकदही येते. कुजलेले द्रव्य आणि जिवाणू मात्र बेताचेच असतात.

अशा रानात पहिल्या वर्षी नुसते शेणखत टाकून थांबलात तर पीक उपाशी राहील. नुसती गोणी टाकली तर धरून ठेवायला जमिनीत काही नाही. इथे जोड सर्वांत जास्त गरजेची आहे. माती तपासून रासायनिक मात्रा हप्त्यांत द्यायची, मिळेल तेवढे कुजलेले खत सरींत किंवा ओळींतच टाकायचे आणि पहिले पीक शक्यतो द्विदल घ्यायचे. बियाण्याला आधी बुरशीनाशक, मग रायझोबियम आणि स्फुरद विरघळवणारे जिवाणू. हे संवर्धक रासायनिक खतात कालवायचे नाहीत. झिंक सल्फेट शेणखतात मिसळून द्यावे, डीएपीबरोबर एकत्र करू नये, नाहीतर जस्त आणि स्फुरद एकमेकांनाच बांधून बसतात.

आणि हे सगळे करण्याआधी बांध. कडवंचीने पाणलोटाची कामे करून माती आणि पाणी आपल्या शिवारात अडवले, द्राक्षे नंतर आली. उतारावरचे रान मोकळे सोडून त्यात शेणखत टाकणे म्हणजे पुढच्या पावसात ते पूर्णेला किंवा गोदावरीला पाठवणे.

पऱ्हाटीचे करायचे काय?

पुन्हा बांधावरच्या धुराकडे येऊ. एका एकरातून साधारण टनभर पऱ्हाटी निघते. जाळली की तिच्यातला कर्ब आणि जवळपास सगळे नत्र हवेत जाते. स्फुरद-पालाशची राख उरते, तीही एकाच जागी, बांधावर.

शेतकऱ्याचीही बाजू आहे. पऱ्हाटीत आणि तिच्यावर राहिलेल्या कवड्या बोंडांत गुलाबी बोंडअळी लपते, म्हणून फरदड न घेता रान वेळेत मोकळे करायला कृषी विभागच सांगतो. मजुराला उपटणीचे पैसे द्यायचे, वर वाहतुकीचे द्यायचे, यापेक्षा काडी स्वस्त. त्यामुळे ‘जाळू नका’ एवढे सांगून भागणार नाही. ट्रॅक्टरवर चालणाऱ्या श्रेडरने पऱ्हाटीची बारीक कुट्टी केली तर बोंडातल्या अळ्याही मरतात आणि कुजण्याचा वेळही कमी होतो. हे यंत्र एकट्याला परवडत नाही. शेतकरी गटाचे किंवा भाड्याने देणाऱ्या केंद्राचे असेल तर गावभर फिरू शकते. पऱ्हाटीत कर्ब जास्त आणि नत्र कमी असल्याने कुट्टी पेरणीच्या तोंडावर रानात गाडू नये. आत्ता ढीग करून त्यावर शेणकाला, थोडा युरिया आणि कुजवणाऱ्या जिवाणूंचे संवर्धक टाकून पाणी शिंपडले आणि महिन्या-दीड महिन्याने ढीग उलथला, तर जूनपर्यंत खत हाताशी येते. त्या ढिगावर टाकलेला पाच-सहा किलो युरिया हा कदाचित या वर्षातला सर्वांत चांगला वापरलेला युरिया असेल.

त्यासाठी हातात असलेले दिवस मात्र थोडे आहेत. श्रेडर फेब्रुवारीअखेर गावात आला तर पऱ्हाट्या तोवर जळालेल्या असतील.